हाडातलं पोवळं

माझ्या मुलीला डावा पाय गुडघ्याखाली नाही. तो कापायच्या कागदावर मी सही केली. त्याआधी पाय वाचवायचाही एक कागद होता. त्यावर केली नाही. लोक जीपवाल्याला दोष देतात. जीपवाल्याने हाड मोडलं. पाय माझ्यामुळे गेला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी पास, नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागलेला. तिचे वडील आधीच वारले होते. कसलासा दाखला आणायला ती घोडेगावला गेली. शिवरात्रीचे दिवस, भीमाशंकरला जाणाऱ्यांनी जीपा खचाखच भरलेल्या. परत येताना ती मागच्या फळीवर लोंबकळत उभी राहिली. शिनोलीच्या अलीकडे हात सुटला आणि मागून येणाऱ्या जीपचं चाक तिच्या नडगीवरून गेलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली. बोटभर हाडाचा चुराच झाला होता. बाहेरून सळया लावून पाय धरला. कंबरेच्या हाडातला तुकडा काढून त्या पोकळीत भरला. तो जगला नाही. पाच महिन्यांनी फोटो काढला तर वरचं हाड वर, खालचं खाली, मध्ये नुसतं काळं.

"दुसऱ्या बाजूचं काढा," मी म्हणाले.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, एवढी जागा भरायला ते पुरायचं नाही. आपण पोवळं भरू. समुद्रातलं. बाहेरून मागवलंय." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पोवळं मला माहीत होतं. लहानपणी माझ्या गळ्यात एक होतं. हिला मंगळ वाईट आहे असं जोशाने सांगितलं, म्हणून आईने दुभती शेळी देऊन ते आणलं होतं. ज्या वर्षी आमच्या वस्तीने धम्म घेतला त्या वर्षी आईने देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले, माझ्या गळ्यातला दोरा दातांनी तोडला आणि सगळं घोड नदीत सोडून आली. म्हणाली, "आता आपल्या अंगावर कुनाचा खडा न्हाई." मी चौथीपर्यंत शिकले. शाळेतलं बहुतेक विसरले, हे विसरले नाही. थोरल्या मुलीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी पत्रिकेचं नाव काढलं तेव्हा मी त्यांना चहा न देता उठवलं होतं.

दुपारी एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.

"अंगावर घालत न्हाई, ते हाडात घालायचं व्हय?" मी विचारलं.

"मावशी, हा उपचार आहे."

"जोशी बी उपचारच म्हनायचा. खडाच घालायचा तर त्याच्याकडं गेले असते की. तुमच्या दारात कशाला बसले असते?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ बसलेला म्हातारा हसला. "आयला, दवाखान्यात बी मंगळाची शांती!"

मला जोर चढला. मुलगी म्हणाली, "आये, घालू दे ना. त्यो खडा न्हाई, बाई सांगतायत ते ऐक तरी."

"तू गप. तुझ्या आजीनं नदीत सोडलं ते मी तुझ्या पायात भरू?"

तिची स्वतःची सही चालली असती. बाईंनी तिच्यापुढे कागद धरलाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. आमच्या घरात मी नाही म्हटलं की नाही असायचं. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

घरी आणली. बकऱ्याच्या पायांचा रस्सा पाजला, अंडी चारली, नाचणी चारली. हाड धरेल म्हणून चार महिने वाट बघितली. मग एका सळईच्या भोकातून पाणी यायला लागलं, त्याचा पू झाला. वास घरभर. जाऊबाई यायच्या त्या नाकाला पदर लावून दारातच बसायच्या.

पुन्हा पुणं. त्याच बाई होत्या. मी म्हणाले, "घाला आता पोवळं. करते सही."

"आता नाही घालता येत, मावशी. पू झालेल्या हाडात ते टिकत नाही. आता जीव वाचवायचाय."

मी हटेना. तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून एक तुकडा काढून माझ्यापुढे धरला. त्यात लाल काहीच नव्हतं. पांढरा, साखरेच्या गाठीएवढा, भोकाभोकांचा. म्हणाल्या, समुद्रात बारीक जीव असतात. पाण्यातला चुना घेऊन ते आपलं घर बांधतात. त्या घराची भोकं आपल्या हाडातल्या भोकांसारखी असतात. कारखान्यात ते घर भट्टीत घालून हाडाच्या जातीचं करतात. मग ते पोकळीत बसवलं की दोन्हीकडचं हाड त्या भोकांतून आत शिरतं, रक्त शिरतं, आणि मधली जागा भरून येते.

मी अर्धा एकर टोमॅटो करते. बांबू रोवून तार ओढली नाही तर रोप जमिनीवर लोळतं आणि फळ मातीत सडतं. तार काही फळ देत नाही, ती चढायला लागते. बाई बोलत होत्या तेव्हा मला सगळं समजत होतं. एवढं सोपं होतं ते.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता."

खरं होतं. मी म्हाताऱ्याच्या हसण्याकडे बघत होते.

तो तुकडा मुलीने मागून घेतला. दोन दिवसांनी पाय कापला. नर्सच्या ट्रेनिंगची जागा गेली. नंतर तिला घोडेगावात औषधाच्या दुकानात काम मिळालं, स्टुलावर बसून. अजून तिथेच आहे. नकली पाय पावसाळ्यात चावतो, मग ती तो काढून काउंटरखाली ठेवते. तिने मला कधी काही विचारलं नाही. मीही माफी मागितली नाही. मागून काय उगवणार होतं?

तुकडा खिडकीत असतो, तिच्या कंगव्याशेजारी. दोन हजार सालानंतरच्या एका सुगीत जाऊबाई टोमॅटो निवडायला आल्या होत्या. त्यांनी तो उचलला.

"ह्यो कसला गं दगड?"

"दगड न्हाई, काकी. माझं हाड हाय ते," मुलगी म्हणाली. "आयेनं घेऊ दिलं न्हाई." आणि हसली.

जाऊबाईंना थट्टा वाटली, त्याही हसल्या. माझ्या हातात चीर पडलेला टोमॅटो होता. मी तो खराब मालाच्या पाटीत टाकला आणि पुढचा घेतला.