घंटावाल्याच्या मुलीचं शेवटचं पान

मी लहान असताना आमच्या घरात मोठ्यानं म्हणायची कविता एकच होती. वडील दर रविवारी दुपारी आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करायचे आणि इस्त्री करताना ती म्हणायचे. ते जिल्हा परिषदेत होते. कडक इस्त्री नसेल तर ऑफिसात आपलं कुणी ऐकत नाही, अशी त्यांची समजूत होती. इस्त्री असूनही त्यांचं कुणी ऐकत नसे, पण त्याचा दोष इस्त्रीला देता आला नसता.

कविता रशियन होती, हे मला माहीत नव्हतं. तेव्हा आमच्या गावात अधूनमधून रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. गुळगुळीत कागद, मोठी चित्रं, आणि आत स्वच्छ मराठी. तिथून वडिलांनी ते पुस्तक आणलं होतं. एका परीकथेची ती लांबलचक कविता होती. घरी आल्यावर लक्षात आलं, की शेवटचं पान नाही. तोवर प्रदर्शन पुढच्या गावाला गेलं होतं.

गोष्ट अशी. तळ्याकाठी एक घंटा बनवणारा राहतो. त्याच्या झोपडीतली चूल सतत धूर सोडते, त्यामुळे त्याच्या मुलीचे डोळे कायम लाल. तरी ती घंटा वाजवते इतकी छान, की बर्फाखाली राहणारा तळ्याचा राजा तिला पळवून नेतो. त्याच्या राजवाड्यात सात खोल्या असतात. एकेक खोली उघडून तो तिला सोनं, पाखरं, फर, काय काय दाखवतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, 'राहशील?' ती काही बोलत नाही. सातवी खोली उघडते आणि पान संपतं.

पुढचं वडिलांनी स्वतः रचलं होतं. त्यांच्या कवितेत मुलगी 'हो' म्हणते, लग्न होतं, बुंदीचे लाडू होतात आणि घंटावाल्याला मुलीकडे येण्याजाण्यासाठी राजा एक बोट बांधून देतो. बर्फाखाली बोट कशी चालते, हे मी एकदा विचारलं होतं. 'शेवटचा शर्ट राहिलाय, मध्ये बोलू नकोस,' असं उत्तर मिळालं. मधूनमधून यायचं पालुपद, 'वाजव घंटा, घंटावाल्या, दिन-दिन-दोन, दिन-दिन-दोन', आणि दर ठेक्याला इस्त्री धप्पकन खाली यायची. चार ठेके, एक ओळ. दोन ओळींत एक बाही व्हायची.

आता मी लंडनजवळ पिनरला राहते. एकोणीस वर्षं झाली. एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि आठवड्यातून तीन दिवस मेट्रोपोलिटन लाइननं ऑफिसला जाते. रविवारी इस्त्री करते. ऑफिसात माझंही कुणी ऐकत नाही.

इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून मी इस्त्री करत होते आणि सवयीनं कविता चालू होती. कुंपणापलीकडून कुणीतरी फळीवर ठोकायला लागलं. शेजारच्या बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका, एकट्या. तोवर आमची ओळख एवढीच, की मी कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या मंगळवारी बाहेर ठेवायचा हे चुकवायचे आणि त्या येऊन सांगायच्या.

'हे काय म्हणतेस?' त्यांनी इंग्रजीत विचारलं.

'मराठी कविता आहे,' मी म्हटलं. 'आमच्याकडची. जुनी.'

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातला चमचा खिशात घालून निघाले आहे. मग त्यांनी कुंपणावर मुठीनं चार ठेके दिले आणि रशियन भाषेत तीच ओळ म्हटली. दिन-दिन-दोन जसंच्या तसं होतं. माझ्या हातात इस्त्री होती आणि तिच्याखाली नवऱ्याचा शर्ट होता. तो नंतर टाकून द्यावा लागला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर आपलं बालपण भाषांतरित होतं असं कळणं फारसं सुखाचं नसतं. पण निदान शेवट कळेल म्हणून मी उत्साहानं विचारलं, 'सातव्या खोलीनंतर काय होतं?'

'रशियन शीक आणि वाच,' बाई म्हणाल्या. 'इंग्रजीत सांगितला तर तो शेवट नव्हे.'

मी दोनदा शिकायला गेले. तिसऱ्यांदा गेले नाही. बाईंनी शेवट सांगितला नाही तो नाहीच. इतक्या वर्षांत मी त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली, त्यांनी मला बिटाचं सार दिलं, दोघींनी एकमेकींच्या पदार्थाचं तोंडदेखलं कौतुक केलं. पण सातव्या खोलीवर आम्ही कायम अडून राहिलो. त्यांच्या मागच्या निळ्या दाराची किल्ली मात्र त्यांनी मला देऊन ठेवली. ते दार फुगलेलं होतं. किल्ली फिरवून भागायचं नाही, खांदा लावून ढकलावं लागायचं. सुतार बोलावू का, विचारलं तर म्हणायच्या, 'त्याला माझी सवय आहे.'

गेल्या हिवाळ्यात बाईंना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि इंग्रजी गेलं. चाळीस वर्षं इंग्रजीत गणित शिकवलेली बाई, तिला 'वॉटर' म्हणता येईना. रशियनही धड येत नव्हतं. काही विचारलं तर ओठ हलायचे, शब्द यायचा नाही, आणि मग त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मला ते बघवत नसे. मी त्यांचं मांजर सांभाळत होते आणि एक दिवसाआड हॉस्पिटलात जात होते. दोन्हीकडे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, काय करावं ते न सुचून, मी खाटेवरच्या सरकत्या टेबलावर मुठीनं चार ठेके दिले आणि मराठीत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला बाईंनी मान वळवली. पालुपदाला त्या आल्या. दिन-दिन-दोन. मग पुढचं कडवं मी मराठीत आणि त्या रशियनमध्ये, बरोबरीनं. त्यांना एक शब्द सुचत नव्हता, पण ओळी येत होत्या, न अडखळता. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं. नर्स मला म्हणाली, तुमचं रशियन फार चांगलं आहे. मी थँक यू म्हटलं.

सातव्या खोलीशी माझी कविता संपायची. वडिलांचे लाडू तिथं म्हणायचा मला धीर झाला नाही. बाईही तिथंच थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि डोळे मिटायच्या. इतकं होऊनसुद्धा त्यांनी हट्ट सोडला नव्हता.

मग बाईंना कुठं ठेवायचं, हा प्रश्न आला. त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा भाचा ग्लासगोला असतो. तो भला माणूस आहे. त्यानं स्वतःच्या घराजवळ एक केअर होम बघून ठेवलं होतं, ऊन येणारी खोली, खिडकीतून बाग. बाई स्वतः घरी जायचं म्हणाल्या असत्या, तर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मदतनीस बायका दिवसातून चार वेळा येऊ शकल्या असत्या. पण त्यासाठी ते बाईंनी म्हणायला हवं होतं. आपला निर्णय त्यांना समजतो आणि सांगता येतो, हे सोशल वर्करला दिसायला हवं होतं. न दिसलं तर ग्लासगो. बाईंना ग्लासगो नको होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, पण माझ्या ठाऊक असण्याला फॉर्मवर जागा नव्हती.

सोशल वर्कर बाईंना विचारायला आली, त्या दिवशी मला खोलीत बसू दिलं, एका अटीवर. मी मदत करायची नाही. बोलायचं नाही, ठेकासुद्धा धरायचा नाही. मी हात मांडीखाली घेऊन बसले. सोशल वर्कर तरुण, नीटनेटकी, घाई न करणारी मुलगी होती. दुभाषी बाई फोनवर होत्या, स्पीकर लावून. समोरचं माणूस जे बोलेल तेच मी त्याच्या वतीनं 'मी' म्हणून सांगेन, स्वतःचं काही घालणार नाही, असं त्यांनी सुरुवातीला बजावलं.

बाईंना त्यांचं नाव विचारलं. ओठ हलले. कुठं आहात, विचारलं. फोनमधून दुभाषी म्हणाल्या, 'उत्तर नाही.' सोशल वर्करनं काहीतरी लिहिलं. मला लिहिण्याचा आवाजसुद्धा सहन होईना.

'इथून बाहेर पडल्यावर तुम्हाला कुठं राहायचं आहे?' तिनं विचारलं, आणि मग दोन्ही पर्याय सावकाश सांगितले. ग्लासगोची खोली, ऊन, बाग. किंवा स्वतःचं घर, आणि दिवसातून चार वेळा अनोळखी बायका. दुभाषींनी ते सगळं रशियनमध्ये सांगितलं.

मग बाईंनी डावा हात उचलला आणि टेबलावर चार ठेके दिले.

मी मांडीखालचे हात आणखी दाबून धरले. आता त्या सगळी कविता पहिल्यापासून म्हणणार, आणि ही मुलगी 'गोंधळलेल्या' असं लिहिणार. पण पालुपद आलंच नाही. ओळी त्याच चालीच्या होत्या, पण मी कधीच न ऐकलेल्या.

'तुमच्या सातही खोल्या मी पाहिल्या,' फोनमधून दुभाषींचा सपाट आवाज आला. 'खोल्या चांगल्या आहेत. तुम्हीही चांगले आहात.' मग त्या थांबल्या. 'माफ करा, मला दुभाषी म्हणून एक सांगायचं आहे. ही कविता आहे. आम्हाला शाळेत होती. या शेवटच्या ओळी आहेत.'

'म्हणजे हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही,' सोशल वर्कर म्हणाली.

'ते मी ठरवू शकत नाही.'

बाई थांबल्या नव्हत्या. दुभाषी पुन्हा सुरू झाल्या. 'मला माझ्या घरी नेऊन सोडा. जिथं...'

'हॅलो?' सोशल वर्कर म्हणाली.

'कवितेत इथं चूल आहे,' दुभाषी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता सपाट राहिला नव्हता. 'धूर सोडणारी चूल. या बाई चूल म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, निळं दार. खांद्यानं ढकलायचं निळं दार. हे वृत्तात बसत नाही.'

बाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली. टेबलावर त्यांचा हात अडखळला, एक ठेका जास्त झाला, त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण दार त्यांनी सोडलं नाही.

सोशल वर्करनं माझ्याकडे पाहिलं. 'यांच्या घराला निळं दार आहे?'

'मागचं,' मी म्हटलं. 'मी रोज सकाळी खांद्यानं ढकलते. मांजराला खायला घालायला.'

तिनं फॉर्म उलटला. निर्णय कसा सांगितला, या प्रश्नाखाली तीन चौकोन होते: बोलून, खुणांनी, इतर प्रकारे. तिनं तिसऱ्यावर खूण केली आणि शेजारी दोन शब्द लिहिले. मी समोरून उलटे वाचले. 'कवितेतून. दुरुस्तीसह.'

मी स्टेशनवर जाऊन बाकावर बसले आणि रडले. दोन गाड्या सोडल्या. तिसऱ्या गाडीत चढल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला शेवट कळला. तोही इंग्रजीत.

त्या रविवारी वडिलांना व्हिडिओ कॉल केला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि इस्त्री बाहेर देतात.

'बाबा, ती राजवाड्यात राहत नाही,' मी म्हटलं. 'घंटावाल्याची मुलगी. ती घरी परत जाते.'

'तसंच असणार,' ते म्हणाले.

'म्हणजे तुम्हाला माहीत होतं?'

'पान नव्हतं, पण अंदाज येतोच की. सात खोल्या बघून जी तोंड उघडत नाही, ती काय राहणार होती?'

'मग तुम्ही लग्न का लावून दिलंत?'

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. 'तू समोर बसलेली असायचीस. तुला काय सांगू? जा परत, आणि धूर खात बस?' मग म्हणाले, 'तिकडे बरं चाललंय ना तुझं?'

'हो.'

'मग झालं तर. फक्त त्या बोटीचं जमलं नाही. मी कवितेत सोय केली होती, पण इथं व्हिसा लागतो.'

मला त्यांचा राग आला. म्हणजे माझं सगळं लहानपण दर रविवारी हा माणूस मला बाहेर काढत होता, शर्टाच्या घड्या घालता घालता. आणि त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, तर हातात फोन होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी बाई घरी आल्या. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणून त्यांना एका हातानं धरायचा वॉकर देऊन मागून आणलं. मी किल्ली फिरवली आणि खांदा लावणार, तोच बाईंनी वॉकर दोनदा जमिनीवर आपटला. मी बाजूला झाले. ॲम्ब्युलन्सचा माणूस पुढं होऊ लागला, त्यालाही मी बाजूला केलं.

बाईंनी डावा खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा दार करकरलं आणि उघडलं. आतून मांजर आलं आणि बाईंना सोडून माझ्या पायाशी येऊन बसलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

उंबऱ्यावर उभ्या राहून बाई माझ्याकडे वळल्या आणि रशियनमध्ये बोलू लागल्या. सावकाश, अडखळत, मधे शब्द शोधत. माझी बोटं आपोआप मांडीवर ठेका धरायला लागली. पण ठेका सापडेना. एक ओळ लांब, एक आखूड, काहीच जुळेना. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्या अंगणाकडे बोट दाखवलं आणि मला कळलं, की ही कविता नाही. कचऱ्याचा डबा मी पुन्हा चुकीचा बाहेर ठेवला होता.