शोकवाल्या ताई आल्या!

जिथे हसू नये असं सगळ्यांना वाटतं, तिथे किस्से जरा जास्तच साठतात. आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो की बँकवालीकडे दोन किस्से असतात, शाळेतलीकडे चार, आणि माझी गाडी सुरू झाली की चहा गार होतो. आधी सगळ्या म्हणतात, "अगं, अशा गोष्टींवर हसतेस कशी?" मग त्याच डोळे पुसत म्हणतात, "अजून एक सांग ना!"

तर गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. ठाण्यात कोपरीला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमची संस्था होती. ज्यांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले अशी मुलं तिथे आईबापांबरोबर राहायची. त्यांचं दुखणं कमी करायचं आणि लाड करायचे, एवढंच तिथलं काम. माझं काम त्याच्या पुढचं होतं. मूल गेलं की त्या घरी जायचं, आणि पुन्हा पुन्हा जायचं. मला पाहिलं की त्यांना मूल आठवणार, त्यामुळे प्रत्येक दारात मला एकच धाकधूक असायची, आत घेतील का? नेमणूकपत्रात माझं पद 'शोक-समुपदेशक' असं होतं. कोपरीच्या रिक्षावाल्यांनी ते सुटसुटीत केलं. शोकवाल्या ताई!

* * *

मी तेव्हा लग्नाची होते. डोंबिवलीला आमच्या घरी कल्याणचं एक स्थळ आलेलं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "सोशल वर्क म्हण आणि गप्प बस." मी तसं म्हटलंही. पण मुलाची आई चौकस निघाली.

"सोशल वर्क म्हणजे नक्की काय करतेस गं?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "लहान मूल गेलं की मी त्यांच्या घरी जाते."

त्यांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. मुलानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा दाराकडे. बाईंनी बशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत हो!"

पुढच्या स्थळाला बाबांनी परस्पर सांगून टाकलं की मुलगी टायपिंग शिकते.

* * *

संस्थेत देणगीदारांची सारखी ये-जा असायची. कुणी नातवाच्या वाढदिवसाला मुलांना खाऊ द्यायचं, कुणी वडिलांच्या पुण्यतिथीला. दिग्या नावाचा आमचा एक पेशंट होता, तिथल्याच कोळीवाड्यातला, बारा वर्षांचा आणि जिभेला हाड नसलेला. त्यानं अभ्यास करून एक शोध लावला होता. वाढदिवसाला केकचा एवढासा तुकडा आणि चार वेफर्स मिळतात, पुण्यतिथीला मात्र पूर्ण जेवण!

एकदा नौपाड्याचे एक गृहस्थ आईच्या पुण्यतिथीचं जेवण घेऊन आले. स्वतः प्रत्येक खाटेपाशी जाऊन बासुंदी वाढत होते. दिग्यानं दुसरी वाटी संपवली आणि त्यांचा हात धरला.

"काका, तुमच्या घरात अजून कोन म्हातारं हाय का?"

गृहस्थ गडबडले. "वडील आहेत ना."

दिग्यानं काळजीनं विचारलं, "तब्येत कशी हाय त्यांची?"

आमच्या मेट्रनबाई फार कडक. त्या तोंडाला पदर लावून ज्या स्वयंपाकघरात पळाल्या, त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या!

* * *

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. त्यांना सेवा करायची होती, म्हणून मूल गेलेल्या घरी कसं बोलायचं ते मेट्रनबाईंनी त्यांना शिकवायला घेतलं. 'देवाची मर्जी' म्हणायचं नाही. 'मी समजू शकतो' म्हणायचं नाही. 'दुसरं मूल होईल' तर जन्मात म्हणायचं नाही. काकांनी सगळं मन लावून ऐकलं आणि एकटेच कल्याणला एका घरी गेले.

तिथे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला येणारी सगळी वाक्यं बाद झाली आहेत! काका गप्प. मुलाचे वडीलही गप्प. चहा आला, गेला. काकांचा चेहरा असा उतरत गेला, की शेवटी त्या वडिलांनीच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, मन मोकळं करा. घरी काही झालंय का?"

पुढच्या रविवारी ते नवराबायको काकांची चौकशी करायला डोंबिवलीला त्यांच्या घरी येऊन गेले. त्या घराचं आम्ही एवढं भलं दुसरं काही केलं नसेल!

* * *

फोन तेव्हा घरोघरी कुठला? कळव्याच्या एका चाळीत मूल गेलेल्या घरी जायचं होतं, म्हणून शेजारणीच्या नंबरावर निरोप ठेवला, "संस्थेच्या ताई उद्या येतील, जरा मन हलकं होईल." शेजारीण निरोपाची पक्की. मी पोचले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्ख्या चाळीतल्या बायका मन हलकं करायला आलेल्या!

मी पहिलीला विचारलं, "मावशी, तुमच्या घरात कोण गेलं?"

"कोणी नाय हो. सासू अजून हाय, तोच तर ताप हाय!"

भिंतीला टेकून बसलेली मुलाची आई त्यावर फसकन हसली. मग तिला इतकं रडू आलं की सगळ्या बायकांनी तिला मध्ये घेतलं. मी कोपऱ्यात नुसती बसले होते आणि त्यांच्याबरोबर रडत होते.

* * *

दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. आणि पुढच्या वेळी कधी येणार ते सांगूनच निघायचं, असा संस्थेचा नियम! डोंबिवलीत नात गेलेल्या एका आजींच्या दारात मी अशी अडकले. चप्पल घातली, पर्स घेतली, आणि पुन्हा चप्पल काढली.

आजींनी माझी अवस्था ओळखली. म्हणाल्या, "हे बघ, तू येऊ नकोस. मंगळवारी माझं दळण असतं आणि मला डबा उचलवत नाही. बाकी तुझं तू बघ."

त्या घरी मी शोकवाली म्हणून परत कधीच गेले नाही. वर्षभर गहू घेऊन गिरणीत गेले. बोलणं सगळं गिरणीच्या रांगेत व्हायचं!

* * *

आता दिग्याचं सांगते.

त्याचे वडील हिरामणभाऊ मासेमारीला जायचे, आणि राहिलेला वेळ त्याच्यापाशी. बाप-लेक दोघंही एकाच वाणाचे हट्टी. एकदा व्हरांड्यात क्रिकेट चाललं होतं. बॅट म्हणजे कपडे धुवायचं धोपाटणं, बॉलर बाप आणि अंपायरही बापच. दिग्याच्या हाताला सलाईन लावलेलं, त्यामुळे स्टँड त्याच्या बाजूलाच उभा, तोच स्टंप. हिरामणभाऊंचा बॉल थेट स्टँडवर आदळला.

"बोल्ड!"

"ह्यॅ! स्टँड माझ्या अंगाला लावलाय. म्हंजे तो माझा पाय!"

"पाय ना? मंग एल्बीडब्ल्यू!"

जे भांडण जुंपलं ते जुंपलंच. दिग्या रोज विचारायचा, "आऊट व्हतो का?" बाप म्हणायचा, "व्हता." मी एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, द्या ना नॉट आऊट. तुमचं काय जातंय?" ते माझ्यावरच चिडले. "आजारी हाय म्हनून सोडू? लगेच कलंल त्याला."

दिग्या गेला. मी घरी गेले तर हिरामणभाऊ दारातच उभे. "आता काय राह्यलंय हितं, ताई?" एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. वाईट वाटलं, खूप वाटलं.

दहाव्याला त्याची मावशी धावत संस्थेत आली. "ताई, चला! कावला शिवत नाय."

कोळीवाड्यात एरवी बायका सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलून थकतात. त्या दिवशी सगळे उलट्या होडीवर ओळीनं बसून पाहत होते, पण पिंडाकडे एकही येईना. काकानं वचन दिलं, आईला सांभाळू. मामानं दिलं, बहिणीचं लग्न थाटात करू. पानावर तळलेली कोळंबीसुद्धा ठेवली. कावळे ढिम्म! दिग्याची आई माझा हात धरून म्हणाली, "तुमच्याशी बोलायचा तो. काय राह्यलं त्याचं?"

मी हिरामणभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, ती मॅच."

"आऊट व्हता तो," ते पुटपुटले.

"देऊन टाका ना हो आता," दिग्याची आई म्हणाली.

हिरामणभाऊ पुढे झाले. पिंडासमोर उकिडवे बसले, मान खाली घातली आणि कसंबसं म्हणाले, "बरं बाला. नॉट आऊट."

एकाही कावळ्यानं पंख हलवला नाही.

हिरामणभाऊ वाट पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला, ते ताडकन उठले आणि खाडीकडे तोंड करून रडत रडत ओरडले, "खोटं कशाला बोलू रं? तुला पन म्हाईत हाय ना! आऊट व्हतास तू! आऊट!"

होडीवरनं एक कावळा उडाला, सरळ पानावर उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

"मानलं!" हिरामणभाऊ माझा खांदा गदागदा हलवत म्हणाले, "बघितलं ना, ताई? मानलं शेवटी पोरानं!"