मुर्ध्याचा जिताडा आणि जमैकाचं ताट

रविवारी सकाळी आठ वाजता मी भाईंदरच्या इंद्रलोकमधून वेस्ट इंडीजला निघाले. सामान म्हणजे दोन कापडी पिशव्या. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी पहाटेच उठून बसले होते.

माझे बाबा तीस वर्षं मालवाहू जहाजावर भंडारी (आचारी) होते. जमैकाच्या बंदरात खाल्लेल्या जेवणाच्या गोष्टी सांगत त्यांनी मला लहानपणी वरणभात भरवला. तीन महिन्यांपूर्वी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी मीठ आणि तेल तोडलं, तर बाबांनी जेवणच तोडलं. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. पँट आता सुतळीने बांधावी लागते. मला भीती वाटायला लागली होती. आज जमैकाचं तेच जेवण घरी रांधावं आणि ते पोटभर जेवावेत, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पहिला मुक्काम मुर्धा, कारण चांगला मासा सकाळीच संपतो. पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरली. उतरल्यावर एकीकडे पडीक मिठागरं, दुसरीकडे नव्या टॉवरचे पत्रे, आणि मधे सावलीला बसलेली कोळीण. तिच्या टोपलीत जिताडा (खाडीतला जाड, पांढऱ्या मांसाचा मासा) होता.

"ताजा आहे ना मावशी?"

"आजचाच हाय. शिळा न्हाय इकत मी. तळनार?"

"नाही, बिनतेलाचा भाजणार."

"तेल न्हाय? मंग कसला जेवान गो त्यो?"

मी हसले. आता इथून नया नगरला जाणार, असं तिला सांगितलं आणि ती मासा कापेपर्यंत शेजारच्या बाईकडून वसईची राजेळी केळी (शिजवून खायची मोठी केळी) घेतली. मावशीने पिशवीला घट्ट गाठ मारून दिली.

मीरा रोडच्या नया नगरच्या गल्लीत मसाल्याचं दुकान शोधायला पाऊण तास गेला. दुकानदार चाचांना मी हिंदीत समजावत होते, "काली मिर्च जैसा दाना, पर खुशबू लौंग, दालचिनी, जायफल, तीनों की."

"कबाबचिनी बोलो ना बेटा," म्हणत त्यांनी चार दाणे माझ्या तळहातावर चुरडले. बाबांच्या गोष्टींना वास असता तर तो हाच. मी एवढी खूश झाले की सुट्टे पैसे घ्यायचेच विसरले. चाचा हाक मारत मागे आले.

घरी येऊन माशाची पिशवी तशीच फ्रिजमध्ये ठेवली. संध्याकाळी भिजवलेला राजमा शिजायला टाकला, नारळाचं पातळ दूध काढलं, लाल तांदूळ धुतला. मग पिशवीची गाठ सोडली. मावशीने प्रत्येक तुकड्याला मूठमूठ खडे मीठ चोळलं होतं. नया नगरपर्यंत उन्हात मासा खराब होऊ नये म्हणून, मायेनेच. पण माझं सगळं मुसळ केरात. मी ओट्याशी उभी राहून रडले.

"काय झालं गं?" बाबा दारात होते. तीन महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं.

मी पिशवी दाखवली. त्यांनी एक तुकडा उचलून बघितला.

"एवढंच ना? अगं, तिकडे खारवलेलाच मासा असतो. भिजवायचा, पाणी बदलत राहायचं. आणि मग बाकी कशात मिठाचा कण घालायचा नाही. सरक."

मी सरकले. त्यांनी बाह्या दुमडल्या. तासाभरात चार वेळा पाणी बदललं, माशाचा एक कण शिजवून चाखला, मान हलवली. गॅलरीतल्या कुंडीतली ओव्याची पानं तोडून आणायला लावली. "तिकडेही हीच घालतात," म्हणाले. आलं, मिरची, लिंबू, कबाबचिनी वाटून माशाला चोळलं आणि तो केळीच्या पानात बांधून तव्यावर ठेवला. केळी कोरडीच भाजली. मला सारखे हुकूम सोडत होते, झाकण काढू नकोस, आच कमी कर. मला इतका आनंद झाला होता की मी मुकाट ऐकत होते.

साडेसातला पानं वाढली. नारळाच्या दुधातला राजमाभात, मासा, केळी. मी बाबांच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघतच राहिले. पहिला घास. दुसरा. पाचवा. लिंबाची फोड पिळून चोखली.

माणूस जगभर हिंडतो, मी दिवसभरात भाईंदर आणि मीरा रोडच पालथं घातलं. पण इतक्या लांबून परत आल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

"भात आहे का अजून?" बाबांनी विचारलं.

पातेलं रिकामं होतं. रोजच्या सवयीने मी त्यांच्यासाठी मूठभरच तांदूळ घेतला होता. मी माझ्या ताटातला सगळा भात त्यांच्या ताटात वाढला.