गुडघ्यापर्यंतचा फोटो

बुधवार पेठेतल्या एका स्टुडिओत मी आमच्या पदवीदान समारंभाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. घरातला पहिलाच पदवीधर मी, आणि समारंभाच्या फोटोग्राफरने नेमकं मलाच गाळलं होतं. आईला गावी भिंतीवर लावायला माझा एक रुबाबदार फोटो हवा होता.

स्टुडिओतल्या बाई संगणकावर व्हिडिओ जागोजागी थांबवून बघू लागल्या. त्यांची एक सवय होती. पडद्यावर माझा चेहरा जसा दिसे, तसाच नकळत त्यांचाही होई. माझं तोंड उघडं असलं, की त्यांचंही उघडे. त्यामुळे मी किती बावळट दिसतो, हे मला दोनदा बघावं लागत होतं.

व्हिडिओत पुढे मी वाकून, ओंजळ करून पदवी घेतली आणि कपाळाला लावली.

"अहो, पदवी घेताय की प्रसाद?" बाई म्हणाल्या.

"जरा ताठ उभा असलेला मिळेल का?"

"कोणासाठी हवाय?"

"आईसाठी."

"मग हाच घ्या. ताठ मानेचे तुम्ही त्यांना पुढे दिसालच."

त्यांनी तेवढं चित्र वेगळं काढलं आणि मी न सांगताच गुडघ्यांखालचा भाग कापून टाकला.

आईने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "पायातलं काढलं होतंस ना रे?"

काढलं होतं. सबंध समारंभात व्यासपीठावर अनवाणी चढलेला मी एकटाच होतो.