अप्पांच्या मांडीवर कोण होतं?

माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, आयुष्यभर चुकीच्या माणसाचं पान वाढलं असेल.

असं लिहिताना बरं वाटत नाही. पण आज पितृपक्षातली चतुर्दशी. शस्त्राने गेलेल्यांची तिथी.
घरात कोणी गेलं की वर्षाच्या आत आपल्याकडे पान वाढत नाहीत, म्हणून गेल्या साली काहीच केलं नव्हतं. अप्पा गेल्यानंतरचं हे पहिलंच पान.

हे पान धोंडूकाकांचं.

धोंडूकाका आमच्या नात्यातले नव्हेत. एकाहत्तरच्या लढाईत ते अप्पांच्या सेक्शनला होते. लग्न झालेलं नाही, भाऊबंद नाहीत. मागे एकटी आई होती, तीही गेली.
मग अप्पाच करायचे. खीर, वडे, आमसुलाची चटणी. एरवी तेल जपून वापरणारी मी, पण त्या दिवशी हात आखडता घेत नसे.

नायगावच्या आमच्या चाळीत सगळ्यांना अप्पांची लढाई पाठ होती.
संध्याकाळची वेळ, कालवा ओलांडायचा, समोरून मशीनगन. धोंडूकाकांच्या मानेत गोळी घुसली. अप्पांनी ओढत काठावर आणलं, डोकं मांडीवर घेतलं. धोंडूकाका "आई" म्हणाले, आणि गेले.

कालव्याचं पाणी मात्र दर वर्षी वाढायचं.

आमचे हे एकदा म्हणालेच, "अप्पा, मागच्या वर्षी कमरेपर्यंत होतं. आज गळ्याला लागलं?"
"भरती आली असेल."
"कालव्याला कसली भरती?"
"तू होतास का तिथं? मग गप खीर खा."

आम्ही हसायचो. पाणी वाढलं तरी गोळी तीच, मांडी तीच, "आई" तेच. त्यात कधी फरक पडला नाही.

अप्पांच्या शेवटच्या चतुर्दशीला घोडपदेवहून नाना आले. अप्पांच्याच कंपनीतले. बरीच वर्षं गावी होते, नुकतेच मुलाकडे राहायला आलेले.
मी पान वाढत होते. नानांनी विचारलं, "कोणाचं गं?"
"धोंडूकाकांचं."
"आज? आज तर हत्याराने गेलेल्यांचं असतं."
"मग? गोळीच लागली ना त्यांना."

नाना अप्पांकडे वळले.
"गोविंदा, काय सांगितलंस रे पोरीला? धोंडू काविळीने गेला. हॉस्पिटलात. माझ्या शेजारच्या खाटेवर."

अप्पा हसले. "नाना, तुला अजून माझा मजला सापडत नाही, आणि मला लढाई सांगतोस?"
"मजला चुकेल. धोंडू कसा चुकेल? डोळे हळदीसारखे झाले होते त्याचे."
"माझ्या मांडीवर गेला तो!"
"तुझ्या कानाशी शेल फुटला होता, बाबा. शुद्धीवर आलास तरी माणसं ओळखत नव्हतास. धोंडू गेला, हे तुला मीच सांगितलं."

अप्पा पानावरून उठले, हात धुतले. पहिल्यांदाच न जेवता.

आता नानांचंही सगळं खरं धरायचं का? आल्या आल्या जुन्या गोष्टी काढताना तेच धोंडूकाकांना आधी भिकू म्हणाले होते. दोघेही ऐंशीच्या घरातले. दोघेही देवाशपथ सांगत होते. आणि दोघांपैकी खोटं बोलणारा माणूस मला तरी दिसला नाही.

नाना गेल्यावर अप्पा गॅलरीत बसले होते. मी चहा नेला.
"शुभा, मग माझ्या मांडीवर कोण होतं गं?"

मी म्हटलं, "धोंडूकाकाच असतील. नानांना आठवत नसेल."

"कोणीतरी होतं. वजन आठवतंय मला. पँट भिजलेली आठवतेय. तोंड आणतो डोळ्यांपुढे, तर धोंडूचंच येतं."
मग म्हणाले, "धोंडूच्या आईला मी गावी जाऊन सांगून आलो. मांडीवर गेला, एकटा नव्हता. तेवढ्यावर जगली ती म्हातारी. आणि तो दुसराच कोणी असेल, तर त्याच्या आईकडे कोण गेलं असेल?"

आमचे हे म्हणाले, "रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकू या, सरळ कळेल."
"कागद धोंडूचं सांगेल रे. त्या दुसऱ्याचं काय सांगणार?"

पत्र टाकलं नाही. त्यानंतर अप्पांनी लढाई कधी सांगितली नाही. शेजारची मुलं मागे लागायची, तर म्हणायचे, "आठवत नाही." माघात अप्पा गेले. नानाही आता नाहीत.

काल मी आमच्या गुरुजींना फोन केला. म्हणाले, "आजाराने गेला असेल तर चतुर्दशी त्याची नव्हे. नक्की ठाऊक नसेल तर अमावास्येला घाला. सर्वपित्रीला सगळ्यांना पोचतं."

म्हणजे धोंडूकाकांची सोय झाली. उद्या त्यांचं पान.
पण आजचं?

हे म्हणाले, "अप्पा सांगायचे तेच नाव घेतो. कशाला घोळ?"
मी म्हटलं, "आणि नाना खरे असले तर? ज्याने अप्पांच्या मांडीवर जीव सोडला, तो इतकी वर्षं आपल्या दारात दुसऱ्याच्या नावाचं पान बघत उभा असेल."



आज सकाळी हे आंघोळ करून बसले. ओंजळीत पाणी, तीळ. मग थांबले.
"शुभे, नाव काय घेऊ?"


पाणी बोटांतून गळायला लागलं. तसंच, नाव न घेता, यांनी ते सोडलं.

पान मी गॅलरीत ठेवलं. कावळा आला का, विचारू नका. मी बघायला थांबले नाही.

अप्पा, तुम्हाला नमस्कार.
आणि तू, जो कोणी होतास तो. तुझं नाव आम्हाला सापडलं नाही, रे. पण तू एकटा नव्हतास. तुझ्या आईला कोणी सांगितलं नसेल, म्हणून इथे लिहून ठेवते.