यंदाची कमाई सांगायची राहिली

माझे इन्कम टॅक्सवाले गेले.

हसू नका. आमचे हे गेल्यानंतर मी ज्यांच्याशी पोटभर बोलले, असा हा एकच माणूस.

मी चौथी शिकलेली बाई. मी बोलतेय आणि फोन लिहितोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

चिपळूणचे सुधाकरभाऊ. आमच्या ह्यांच्या दुकानाचा टॅक्स तेच भरायचे. हे गेले, मी दुकान भाड्याने दिलं आणि मुलाकडे दुबईला आले, डिस्कव्हरी गार्डन्सला. पण भाडं आणि बँकेचं व्याज तिकडेच येतं ना, म्हणून दर जुलैत भाऊंचा फोन यायचा.

"वहिनी, भाडं-व्याज मला कागदावर दिसतं. तुमच्या हाताची कमाई सांगा."

कारण पहिल्याच वर्षी मी बोलून गेले होते की इथे मी शिवण करते.

त्याचं असं झालं, शेजारची रुबिना, आपल्या दापोलीचीच, तिच्या साडीला मी फॉल लावून दिला. तिने बिल्डिंगभर केलं. मग ब्लाउज आले, परकर आले, पँटी आखूड करायला आल्या. साध्या ब्लाउजचे मी तीस दिरहॅम घेते. म्हणजे सातशे रुपये झाले की हो! चिपळुणात सांगितलं तर बायका मला वेड्यात काढतील. असो.

आमचे हे म्हणायचे, टॅक्सवाल्यापासून काही लपवायचं नाही. म्हणून मी सगळं सांगायची. अगदी तुटलेल्या बटणापर्यंत.

भाऊ विचारायचे, "गळा कसला केलात? बाई खूश झाली का?"

"अहो, सरकारला गळा कशाला लागतो?"

"सरकार फार चौकस आहे, वहिनी. आणखी?"

"आणखी?" म्हणाले की मला खरंच आणखी आठवायचं.

एकदा म्हणाले, "व्याज म्हणजे इतर उत्पन्न, ते बसल्या जागी येतं. शिवण हा तुमचा स्वतःचा व्यवसाय. तुम्ही व्यावसायिक आहात, वहिनी."

इतकी हरखले मी! संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, त्याला सांगितलं. तो लॅपटॉप उघडत होता.

"हो का, आई?" म्हणाला.

पोरं गुणी आहेत हां माझी. दमून येतात. सून रोज न चुकता विचारते, "आई, जेवलात का?" मी हो म्हणते. तिथे बोलणं संपतं. नात म्हणते, "आजी, आय हॅव होमवर्क."

दिवसभर एसीचा आवाज आणि माझं मशीन.

काही मजेचं शिवलं की मी मनात म्हणायची, हे भाऊंना सांगायचं. वर्षभर साठवून ठेवायची.

यंदा अर्धा जुलै सरला तरी फोन नाही. मग मीच लावला. त्यांच्या मुलीने, मेधाने उचलला. ती आता बापाचं ऑफिस बघते.

"काकू, बाबा गेले. पंधरवडा झाला. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं."

वेड्यासारखी म्हणाले, "मग माझं रिटर्न?"

"मी भरते ना, काकू."

म्हणून मी शिवणाचं सांगायला लागले. तर म्हणाली, "ते नका सांगू. तुम्ही तिकडे राहता, तिकडेच मिळवता. ते इथे दाखवावं लागत नाही."

"अगं, भाऊ दर वर्षी लिहून घ्यायचे."

"नाही हो. मी जुनी रिटर्न्स बघितली. भाडं आणि व्याज. बस्स."

"मग मला विचारायचे कशाला गं?"



"आम्हाला जेवताना सांगायचे. 'दुबईच्या वहिनींनी यंदा केरळच्या बाईला नऊवारी शिवून दिली!' आईला तर तुमच्या गिऱ्हाइकांची नावं पाठ आहेत."

फोन ठेवला.

तिकडे चिपळुणात एका घरात माझं शिवण पानावर बसून बोललं जात होतं. इथे मी सून यायच्या आत मशीनवर झाकण घालते. पसारा नको म्हणून.

लबाड हो भाऊ तुम्ही! सरकारचं नाव सांगून ऐकत होतात होय?

मेधाला नको असेल, पण मी सांगणार. ऐका.

यंदा रुबिनाच्या लेकीचा लग्नाचा शरारा मी केला. वरच्या कुर्तीची बाही दोनदा उसवली, पण बसली अशी की पोरगी आरशासमोरून हलेना. रुबिना म्हणाली, "काकी, खलास! आता बाजारातलं नको."

केरळच्या बाईला मुलगा झाला. तिची ती नऊवारी कमरेला बसेना, ती मोठी करून दिली. घालून इतकी हसली!

आणखी?

आणखी, नातीला खणाचं परकर-पोलकं शिवलं. शाळेत कल्चर डे होता. परकराला मी गुपचूप खिसा ठेवला होता, तिच्या फोनसाठी. हात घातला आणि ओरडली, "आजी! इट हॅज अ पॉकेट!" घरभर गिरक्या घेत होती. मला तर भाऊ, आकाश ठेंगणं झालं. हा फोटो लावलाय, बघा.

तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. तरी धरा. हाताची कमाईच ती.

झालं. यंदाचं एवढंच.

सांगून झालं तरी मघापासून फोन कानाशी धरून बसलेय. सवय.

नाही भाऊ, आणखी काही नाही.

निघा तुम्ही आता. वहिनीचा नमस्कार.