पथ्याची पोळी

नागपूरच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा अहवाल वाचून बाजूला ठेवला. "सीलिॲक डिसीज आहे. गहू तुमच्या आतड्याला चालत नाही. पोळी, रवा, ब्रेड, बिस्किट कायमचं बंद. भात खा."

शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "म्हंजे मीच चारत होती का इले?"

डॉक्टरांनी वर पाहिलं. बाहेर पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं गेलं.

गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात शरीर त्याच्याविरुद्ध लढायला उठतं आणि आतड्याचं आतलं अस्तर झिजवतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. माझ्या बाबतीत हे कळायला वर्षाहून जास्त काळ गेला, आणि त्यातला बराचसा काळ मी पथ्यावर होते.

दुखणं सुरू झालं तेव्हा मी चंद्रपुरात एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दुपारी भात-वरण, संध्याकाळी टपरीवरचा समोसा नाहीतर पाव. खाल्ल्यावर बेंबीभोवती कळ यायची, पोट फुगायचं, मग जुलाब. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. तिच्यात काही निघालं नाही, म्हणून त्यांनी ॲसिडिटी आणि टेन्शन ठरवलं. गाव कोणतं, असं विचारल्यावर मी मूल तालुक्यातलं, भाताच्या पट्ट्यातलं सांगितलं. ते हसले. "तुम्ही लोक तिन्ही वेळा भात खाता. गॅस होणारच. भात सोडा. फुलके, दलिया, टोस्ट घ्या."

पथ्य सांभाळायला आई गावाहून आली. आमच्याकडे पोळी सणाला होते, नाहीतर पाहुणा आला तर. आजारी माणसाला रोज पोळी मिळावी, ही तिला मोठी सोय वाटली. पुरणपोळीला सरावलेला हात तिने फुलक्यांवर बसवला. घरच्या धानाचा तांदूळ कोपऱ्यात पोत्यातच राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने बिस्किटांचा पुडा आणला. ते पुडेही पथ्य म्हणूनच संपले.

वजन उतरत गेलं. रक्त कमी झालं, केस गळू लागले. डॉक्टर दर वेळी पथ्य कडक करायला सांगत. आई फुलके आणखी पातळ लाटे. नातेवाईक दाराबाहेर कॅन्सरचं नाव घेत, मला ऐकू येईल इतक्या हळू.

रोवण्यासाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, आईला गावी परतावं लागलं. मला एकटं सोडायला ती तयार नव्हती, म्हणून मीही गेले. रोवण्याच्या दिवसांत सगळ्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात. पोळ्या लाटायला घरी कोणी नव्हतं. चुलीवर तांदळाच्या पेजेचं गंज, म्हणजे पातेलं असे, मी ती पेजच प्यायले. आठवडाभरात कळ कमी झाली. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "धानाच्या गावची पोट्टी, पोळ्या खायले शहरात गेली न् दुखणं इकत घेऊन आली." सगळे हसले. मीही हसले.

रोवणं संपल्यावर मी नागपूरच्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेले, पुढे अहवाल वाचला तो त्यांनीच, आणि त्यांना हे सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. संशय गव्हाचाच आहे, म्हणाले. पण गहू बंद असताना रक्त तपासलं, किंवा एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून नळी घालून, आतड्याचा तुकडा काढून बायोप्सी केली, तर आजार दिसेलच असं नाही. "तपासणीपर्यंत रोज पोळी खावी लागेल. काही आठवडे."

आईला ते पटलं नाही. "ज्यानं दुखते थेच खा म्हणते? असा कसा डाक्टर होय थो?" मी समजावलं. तिने पुन्हा पोळपाट काढला. दुखणं पहिल्याच दिवशी परत आलं. ताट ठेवून ती अंगणात जायची आणि ताट रिकामं झाल्यावरच आत यायची. एकदा मात्र ताटासमोरच उभी राहिली.

"नको खाऊ बाई. दुखण्याचं नाव नाई सापडलं तं नाई सापडलं."

मी खाल्लं. नाव सापडलं नसतं, तर पुढच्या डॉक्टरने पुन्हा भातच सोडायला लावला असता.

अहवाल घेऊन मी चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो चाळला. "चला, निदान तर झालं," म्हणाले. मी दारापर्यंत पोचले, तोवर पुढची बाई आत बसली होती. गाव विचारून झालं होतं. "भात सोडा," त्यांनी तिला सांगितलं.

कोणाचं पोट असंच दुखत असेल, तर कशाने दुखतं एवढंच डॉक्टरांना सांगू नका. कशाने थांबतं तेही सांगा. आणि तपासणीआधी स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. तो त्रास सोसावा लागतो.

वजन परत येतंय. ज्यांनी खुर्ची पुढे ओढून ऐकलं, त्यांची मी ऋणी आहे. आईला मी अनेकदा सांगितलं, की तू डॉक्टरांनी सांगितलं तेच केलंस. ती म्हणते, "त्यायनं सांगतलं, खरं हाये. पण तुह्यं दुखणं तं माह्या डोयासमोर होतं ना."

ती पेज वाढते आणि आता समोरच बसून राहते. मी पिते. पोट दुखत नाही.